वरच्या झऱ्याचा चेहरा

आमच्या थॉर्नलो गावात दोन झरे आहेत आणि माणसंही दोन प्रकारची, वरच्या झऱ्याची आणि खालच्या झऱ्याची. माझं माहेर खालच्या झऱ्याचं आणि सासर वरच्याचं. माझ्या लग्नात माझे वडील, वॉल्टर हेथकोट, नवऱ्याला म्हणाले होते, "मुलगी दिली, पण चेहरे भरायची आमची युक्ती दिलेली नाही, लक्षात ठेव." सगळे हसले. वडील मात्र हसले नव्हते.

दर जूनमध्ये दोन्ही झरे सजतात. मोठ्या लाकडी फळीवर मीठ घालून तुडवलेली माती थापायची, तिच्यावर चित्र कोरायचं आणि एकेक पाकळी दाबून ते भरायचं. रंग नाही, कागद नाही, जे उगवलं तेवढंच वापरायचं. शनिवारी सकाळी पाद्री पाण्याचे आभार मानतो, बँड वाजतो, आणि तोवर एका झऱ्याच्या माणसाने दुसऱ्याची फळी बघायची नाही. फळ्या ठेवलेल्या दोन्ही कोठारांच्या दारांना गोणपाटाचे पडदे लागतात. त्या आठवड्यात मी माहेरी चहालासुद्धा जात नाही.

आमच्याकडे चेहरा भरायचा तो हिल्डा ग्रॅटननेच. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली, त्यामुळे निम्मं गाव तिच्या कस्टर्डवर वाढलंय आणि तिच्या बोलण्यालाही सरावलंय. खाणीत काम करणारा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण तिच्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला खपत नाही. आम्ही तिला हिल्डामावशी म्हणतो. मी पहिल्यांदा पाकळ्या लावायला बसले तेव्हा मागे उभी राहून म्हणाली होती, "अलगद दाब. पाकळी आहे ती, चप्पल नव्हे." पाकळ्या खालून वर लावत जायच्या, छपरावरच्या कौलांसारख्या, म्हणजे पाऊस आला तरी पाणी वरून ओघळून जातं. हेही मला तिनेच शिकवलं. तिने भरलेला चेहरा बघायला लोक दूरदूरच्या गावांहून यायचे, आणि मी शेजारी अशी उभी राहायचे जणू तो मीच भरलाय.

यंदाचं चित्र तिनेच निवडलं होतं. खांद्यावर कावड घेऊन पाणी नेणारी बाई. गावात नळ येण्याआधी तिची आजी अशीच वरच्या झऱ्याचं पाणी घरोघर वाहायची. "आजपर्यंत राजे झाले, संत झाले," मावशी म्हणाली. "यंदा माझी म्हातारी."

बुधवारी ती चेहऱ्यासमोर बसली आणि आम्हाला कळलं की तिचे हात थरथरतात. सगळा हिवाळा ते तिने एप्रनच्या खिशात का ठेवले होते, तेही तेव्हाच कळलं. पाकळी फाटायची, अंगठ्याचा खड्डा मातीत पडायचा. ती सगळं खरवडून माती सारखी करायची आणि पुन्हा सुरुवात करायची. गुरुवारीही तेच झालं. मला बघवेना.

"मावशी, मी लावू का? तू नुसतं सांग."

"तुझ्या हातचं कस्टर्ड खाल्लंय मी," ती म्हणाली, आणि विषय संपला.

शुक्रवारी दुपारपर्यंत बाकी चित्र भरून झालं. शेवाळाचा डोंगर, निळ्या पाकळ्यांचं पाणी, सालींच्या बादल्या, आणि या सगळ्याच्या मधोमध ताटलीएवढी करडी माती. आमच्यात तो चेहरा भरणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि असतं तरी मावशीच्या देखत कुणी हात लावला नसता. संध्याकाळी फळी झऱ्यावर उभी करायची होती. कुणीतरी चाचरत म्हणालं, टोपडं पुढे ओढून तोंड झाकून टाकू या.

"माझ्या आजीने तोंड कधी लपवलं नाही," मावशी म्हणाली. मग कोट चढवून मला म्हणाली, "चल."

उतार उतरून आम्ही थेट खालच्या झऱ्याच्या कोठाराशी आलो. मला धडकीच भरली. मावशी पडद्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने हाक मारली, "वॉल्टर, बाहेर ये. मी पाठ केलीय. तुमचं काही बघितलेलं नाही."

वडील मातीने माखलेले हात घेऊन बाहेर आले. "काय गं? वरचा झरा आटला की काय?"

"झऱ्याला काय धाड भरलीय. हे बघ." तिने दोन्ही हात खिशातून काढून पुढे धरले. वडिलांनी ते बघितले. त्यांच्या तोंडचं चिडवणं तिथेच विरलं.

"कधीपासून?"

"नाताळापासून."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुला सांगायचं म्हणजे दवंडीच पिटायची." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "आमचा चेहरा राहिलाय, वॉल्टर. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

हे वाक्य ऐकायला माझे वडील आयुष्यभर आसुसलेले होते. ऐकल्यावर मात्र ते जमिनीकडे बघत राहिले.

"मला तुमची फळी बघावी लागेल," ते म्हणाले.

"डोळे मिटून जमत असेल तर मिट."

वडिलांनी बादलीत हात धुतले आणि आत वळून सांगितलं, "मी वर जातोय." मग पडद्याखालून एक परात बाहेर सरकली. सायीच्या रंगाच्या पाकळ्यांनी भरलेली. खालच्या झऱ्याने स्वतःच्या चेहऱ्यासाठी राखून ठेवलेला माल होता तो. मी त्याच घरची लेक, मला माहीत आहे त्याची किंमत.

आमच्या कोठारात वडील शिरले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्यांनी फळी वरपासून खालपर्यंत बघितली. "वाईट नाही," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मग हनुवटीपासून वर भरत गेले. मावशी शेजारी बसून होती.

"गाल कमी कर. बाई पाणी वाहतेय, केक खात नाही."

"चेहरा कोण भरतंय?"

"तू. म्हणून तर सांगावं लागतंय."

चेहरा झाला, फक्त डोळे राहिले. वडिलांनी दोन काळी बोंडं उचलली आणि मावशीच्या तळहातावर ठेवली.

"डोळे तुझे तू लाव. तुझी आजी आहे."

"वाकडे जातील."

"जाऊ देत."

तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. पहिला डोळा जागच्या जागी बसला. दुसऱ्याच्या वेळी हात झटकला गेला, बोंड घसरलं आणि डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात रुतलं. मी पुढे झाले, तर वडिलांनी माझा हात धरला. मावशी मान कलती करून बघत राहिली.

"ही खाली बघतेय," ती म्हणाली. "तुमच्या झऱ्याकडे."

"बघू दे. आमचं काम बघण्यासारखंच असतं."

शनिवारी ऊन पडलं, गर्दी लोटली. बँड थांबायच्या आत खालच्या झऱ्याचा माणूस आमच्या फळीपाशी कधी दिसत नाही. त्या दिवशी माझे वडील ठेवणीतला कोट घालून पहिल्यापासून तिथेच होते. शहरातून आलेला एक पाहुणा कॅमेरा खाली घेत म्हणाला, "चित्र सुरेख आहे, पण तो डोळा चुकलाय. कुणीतरी नीट करायला हवा होता."

"तो हिल्डा ग्रॅटनने लावलाय," वडील म्हणाले, चारचौघांना ऐकू जाईल असं. "तो नीट करणारा अजून जन्मायचाय."

अभिमानाने मला रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही. हिल्डामावशी शेजारीच उभी होती. नाताळानंतर पहिल्यांदाच, सगळ्या गावासमोर, तिचे दोन्ही हात खिशाबाहेर होते.