इतरांसाठी उभी केलेली

"पदर पसर," शेठ म्हणाले. सगळ्यांसमोर.

काजू कारखान्याचं फाटक. सुट्टीची वेळ. आम्ही चाळीस बायका जमिनीवर बसून काजूची साल काढतो. तुकडे उडतात, साडीच्या ओच्यात पडतात. म्हणून उठताना प्रत्येकीने साडी झाडायची, मगच बाहेर पडायचं. त्या दिवशी मुलीच्या शाळेतून फोन आला, ताप भरलाय म्हणून. मी तशीच धावले. फाटकावरच्या तपासणीत निऱ्यांतून दोन तुकडे पडले.

शिक्षा ठरली. आठ दिवस सुटताना फाटकापाशी पदर पसरून उभं राहायचं. बाकीच्या समोरून जाणार.

पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "देवी उभी रवली गो, ओटी भरा!" सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी ऑफिसात बोलावलं. दार लावलं. चहा दिला. सात वर्षांत पहिल्यांदा. मी कपाला हात लावला नाही.

"तू चोर नाय, ता माका म्हायत आसा," ते हळू म्हणाले. "पण एकीक उभी केली काय बाकीची सरळ रवतत. तुझा काय जाता? आता सातच दिवस तर रवले."

शेठ मला चोर समजले असते तर मी रडले असते, शपथ घेतली असती. हे त्याहून वाईट. शेतात बुजगावणं उभं करतात. त्याला कोण विचारतं, तू काय केलंस?

बाकीच्या दोन-दोनदा साडी झाडू लागल्या. शेठ खूश. शेवंताकाकी वीस वर्षं इथे आहे, एक तुकडा कधी तोंडात टाकला नाही. आता तीही तीन-तीनदा निऱ्या झाडून दाखवते. ती काय इतकी वर्षं भिऊन प्रामाणिक होती? बरं-वाईट आमचं आम्हाला कळतं, हे शेठना पटत नाही. की पटूनही परवडत नाही?

तिसऱ्या दिवशी मी पदर कमरेला खोचला. मोठ्याने बोलायची मला सवय नाही. आवाज फाटला.

"शेठ, मी चोरी केलंय तर माका शिक्षा करा. दुसऱ्यांका भिववूक मी उभी रवचंय नाय."

"मग उद्या येव नको."

उद्या जाणार आहे. माझ्या जागेवर बसणार. मला काढायचं असेल तर बंद दारामागे जे सांगितलं, ते शेठनी आधी चाळीस जणींसमोर सांगावं. तोवर उठणार नाही.