लिम आंटीच्या यजमानांना कावळा शिवेना

मी एकदा माझ्या घरमालकिणीच्या कैलासवासी नवऱ्याशी घासाघीस केली आहे. माझा दादा ही हकिकत प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, आणि चुकीची सांगतो. म्हणून आता मीच लिहून काढतो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. नोकरी सिंगापूरच्या एका व्यापारी कंपनीत, पण अर्धा महिना चीनमधे, शेन्झेनच्या कारखान्यांत जायचा. मी कुकरची हँडलं खरेदी करायचो. समोरचा मालक कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवायचा, मी तो पुसून माझा दाबायचो, तो छातीवर हात मारून घ्यायचा, मी बॅग उचलून दारापर्यंत जायचो. मग चहा यायचा. संध्याकाळी मेन्यूतल्या चित्रावर बोट ठेवून भात आणि कसलासा पाला मागवायचा, खोलीवर येऊन शर्ट धुवायचा आणि झोपायचं. चिनी भाषा मला तेवढ्यापुरतीच यायची: महाग आहे, कमी करा, शेवटचं सांगा, शुक्रवारी माल पाहिजे. (एवढ्यावर माणूस चीनमधे आरामात जगतो.)

अख्ख्या आशियात मी हरायचो तो एकाच बाईपुढे. ती म्हणजे सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातली माझी घरमालकीण, लिम आंटी. साठीची, काटकुळी, एकटी राहणारी. हॉलमधे एका पुरुषाचा फोटो, त्यापुढे लाल दिवा आणि उदबत्ती. खोली देतानाच तिनं बजावलं होतं की फक्त उकडायचं, तळण नाही, फोडणी नाही, पाहुणे नाहीत. मी वर्षभर बोलणी करकरून एकच सवलत मिळवली: आईला तीन आठवडे राहू द्यायचं. त्यावरही अट होतीच. शेजाऱ्यांची एक तक्रार आली, की आई आणि मी, दोघं बाहेर.

ही धमकी साधी नव्हती. त्या वर्षी एजंटला फोन केला, की तो आधी माझं नाव विचारायचा, आणि नाव ऐकताच खोली नुकतीच गेलेली असायची. आईला घेऊन मी जाणार कुठे?

आणि नेमकं आई असतानाच मला शेन्झेनला जावं लागलं. निघताना मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. तळू नकोस, कुणाशी बोलू नकोस, कशाला हात लावू नकोस. रोज फोनवर ती म्हणायची, सगळं छान आहे, बाई चांगली आहे, फक्त अंगावर मांस नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण आई जेव्हा सगळं छान आहे म्हणते, तेव्हा मी परतीचे दिवस मोजायला लागतो.

परत आलो तो दुपारी चारला. बॅग ओढत आमच्या इमारतीपाशी पोचतो, तर खाली हिरवळीवर आई छत्री घेऊन उभी. समोर कागदी ताटल्यांत भात, कोंबडी, संत्री आणि चहाची इवलीशी पेली. भोवती उदबत्त्या खोचलेल्या. आई छत्रीनं साळुंक्या हाकलत होती. पलीकडच्या बाकावर तीन म्हाताऱ्या बसून हे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार स्पष्ट दिसत होती.

"आई, काय चाललंय?"

"हळू बोल. लिमबाईंच्या यजमानांचं आहे आज."

चिनी लोकांच्या सातव्या महिन्यात मेलेल्यांसाठी असं जेवण मांडतात, एवढं मलाही ठाऊक होतं. आंटी मांडून देवळात गेली होती. आईला भाषा कळली नाही, पण भात आणि उदबत्ती बरोबर कळली. अडचण एकच होती. सकाळपासून एकही कावळा शिवला नव्हता! साळुंक्या हव्या तेवढ्या येत होत्या, पण आईच्या मते साळुंकी चालत नाही.

मी म्हटलं, त्यांच्यात कावळ्याचं काही नसतं. आई म्हणाली, मरण काय वेगळं असतं का रे? मग मी म्हटलं, आधी वर चल आणि जेव. तेव्हा मला कळलं की ती सकाळच्या चहावर होती. पान मांडलेलं असताना आपण कसं जेवायचं, म्हणे. आईला डायबेटिस. गोळी घेतलेली, पोट रिकामं. छत्रीवर ती आता टेकून उभी होती. मी खिशातलं बिस्किट पुढे केलं, तिनं तोंड फिरवलं.

"त्यांचा जीव कशात तरी अडकलाय. शब्द दिल्याशिवाय नाही शिवायचा. तुझ्या बाबांच्या वेळी दादानं 'धाकट्याला मी शिकवीन' म्हटलं, तेव्हाच शिवला ना?"

(शिकवलं काही नाही. मी माझा शिकलो. पण कावळ्यानं विश्वास ठेवला. ते असो.)

"मी मराठीत सगळं सांगून बघितलं. तुला चिनी येतं, तू बोल."

मी चिडलो, हातपाय आपटले, आणि शेवटी गवतावर बसून हात जोडले. म्हाताऱ्या बाकावरून उठून जवळ आल्या. मी मयताला चिनी भाषेत म्हणालो, "शेवटचं सांगा." दुसरं मला येतच नव्हतं! एक म्हातारी दचकून मागे सरकली. चिनी तिथेच संपलं, मग मी इंग्रजीवर आलो. आम्ही फोडणी करणार नाही. कावळा नाही. तुमच्या बायकोशी मी वाद घालणार नाही. कावळा नाही. समोरचा काही बोलतच नसेल तर भाव करायचा कसा? आणि बॅग उचलून निघून जायची सोयही नव्हती.

इतक्यात आई मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडलेले.

"त्यांचीच खोली असेल ती," ती पुटपुटली. "आपण राहतोय त्यात. त्यांना आवडत नसेल."

त्या क्षणी माझी सगळी हुशारी संपली. वर्षभर जी खोली दातांनी धरून ठेवली होती, ती मी एका वाक्यात टाकली. "ओके, अंकल. आय गिव्ह अप द रूम."

आणि समोरच्या झाडावरून एक कावळा उतरला, शांतपणे चालत आला आणि भाताला चोच लावली. मी आईच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

मागे वळलो तर लिम आंटी उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हाताऱ्यांनी चिनीत आपली तक्रार ओतली. आता दोघं बाहेर, हे मी धरूनच चाललो. आईला रिक्षाही न मिळणाऱ्या या शहरात रात्री कुठे न्यायचं, याचा हिशोब डोक्यात सुरू झाला. तरी आवाज शक्य तितका मऊ करून मी सांगितलं, की आंटी, माझी आई तुमच्या यजमानांसाठी सकाळपासून उपाशी आहे.

"माय हज्बंड?" आंटी म्हणाली. "माय हज्बंड नॉट डेड लाह. ही इन जोहोर. गॉट अनदर वुमन."

जोहोर म्हणजे पुलापलीकडचं मलेशिया. फोटो तिच्या वडिलांचा होता. आणि ते जेवण होतं ज्यांचं कुणीच नाही अशा बेवारस भुतांसाठी. मी वर्षभर त्या घरात राहिलो, प्रत्येक अटीवर भांडलो, आणि घरात कोण मेलंय एवढं विचारलं नव्हतं.

मी आईला मराठीत समजावलं. तिनं बिस्किट गिळलं आणि शांतपणे म्हणाली, "जिवंत आहे होय? मग इतका वेळ कावळा येणार कसा!"

हेही मी भाषांतर करून सांगितलं.  आंटी बाकावर बसली, आणि इतकी हसली की म्हाताऱ्याही घाबरून हसू लागल्या. त्या माणसासाठी मी स्वतः एक जेवण कधी सोडलं नाही, म्हणाली. मग डोळे पुसून तिनं आईचा हात धरला, तिला वर नेलं, आपल्या हातानं पेज वाढली आणि हवं तितके दिवस राहा म्हणून खुणेनं सांगितलं. फोडणीसुद्धा चालेल म्हणाली, खिडकी उघडून.

मी हळूच माझी बॅग खोलीकडे सरकवली. आंटी दारात आडवी उभी राहिली.

"यू ऑलरेडी गिव्ह अप द रूम. रूम फॉर युअर मदर. यू स्लीप सोफा."

मी तोंड उघडलं, तर आतून आई म्हणाली, "अरे, दिलेला शब्द असा फिरवू नये." खोली वाचली म्हणायची. त्या सोफ्यावर माझे पाय गुडघ्यापासून बाहेर राहायचे, आणि त्याबद्दल बोलणी करून पाहावीत म्हटलं, तर यजमान जोहोरला.