बाबांच्या धोतराची वाकळ

मी हातानं वाकळ शिवेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. माझ्याकडून शर्टाचं बटणही धड लागत नाही. पण या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे पुण्याजवळ नेऱ्यात राहायला आले, त्यांची झोप उडाली आणि मला काहीतरी करणं भागच पडलं.

आई गेल्यापासून बाबा लातूरकडच्या आमच्या गावी एकटेच होते. मी हिंजवडीत नोकरी करते आणि नेऱ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. फार मागे लागून त्यांना आणलं होतं. त्यांनी आता इथेच राहावं, एवढंच मला हवं होतं. पण आमच्या डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि बाबांना अंगावर काही घेतल्याशिवाय झोप येत नाही. गावाहून आणलेल्या जाड गोधडीत ते घामानं निथळायचे. चादर दिली तर ती पंख्यानं उडायची. मी मोठ्या हौसेनं ऑनलाइन एक पातळ रजई मागवली. ती त्यांनी एकदा पांघरली आणि नीट घडी घालून मला परत दिली.

"हे अंगाला चिकटतंय गं माय," म्हणाले. "काय करू, डोळ्याला डोळा लागंना. माझं परतीचं तिकीट काढ."

मी मंगळवारचं तिकीट काढलं आणि त्या रागात सगळी भांडी आपटत घासली. राग बाबांवर नव्हता, उन्हावर होता. पण उन्हाला काय आपटणार?

शनिवारी सकाळी खाली उतरले तर आमच्या घरमालकीण मावशी दोरीवर एक वाकळ वाळत घालत होत्या. वाऱ्यानं ती हलत होती, पण चादरीसारखी फडफडत नव्हती. मी हात लावून बघितला. इतकी हलकी वाकळ मी जन्मात पाहिली नव्हती.

"उन्हाळ्याची हाय," मावशी म्हणाल्या. "हिच्या पोटात काय न्हाई. दोन पदर आन् टाकं, बास."

"मावशी, मला शिकवा. आत्ता."

"आगं, चा तर पिऊ दे मला."

चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की कापड जुनं आणि सुती हवं, नेसून नेसून मऊ झालेलं. मी वर धावले आणि कपाट उपसलं. कंपनीचे टी-शर्ट, लेगिंग्ज, इस्त्री न लागणारे कुर्ते. सुती म्हणावं असं काही नाही. मावशींकडची जुनी लुगडीही संपली होती, वीतभर तुकडा तेवढा उरला होता. मी जिन्यात डोकं धरून बसले आणि मग एकदम आठवलं, धोतर.

बाबा जन्मभर धोतर नेसले. इथे मात्र भाडेकरूंची सगळी पोरं हाफ पँटवर हिंडतात, त्यात आपलंच धोतर कशाला म्हणून त्यांनी पायजमा चढवला होता. दोन धोतरं बॅगेत पडून होती. मी मागितली तर त्यांनी एक काढून दिलं आणि दुसऱ्यावर हात ठेवला.

"हे ऱ्हाऊ दे. जाताना नेसायला लागंल."

मला ते लागलं. पण तेवढ्यात हातातल्या धोतराचा मऊपणा जाणवला आणि मी खाली पळाले.

मावशींच्या पडवीत, भाडेकरूंच्या गाड्या बाजूला सारून, आम्ही धोतर मधोमध दुमडून पसरलं. झाले दोन पदर. कोपऱ्यांवर वरवंटा, दोन विटा आणि माझी लॅपटॉपची बॅग ठेवली. कडेनं धावदोरा घालत, फेऱ्या घेत आत आत यायचं. मी उत्साहाच्या भरात दोरा असा ओढला की सगळ्या कापडाला झोळ आला.

"वढू नगंस. पोटात काय भरलेलं असलं की झोळ लपतो. हितं कुटं लपनार?" असं म्हणून मावशींनी माझी अख्खी ओळ उसवली. दुसऱ्यांदाही उसवली. मी तोंडानं बडबडत पुन्हा सुई उचलली. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

बाबा पडवीतच खुर्चीत पेपर धरून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना.

"तुझा टाका बैलाच्या पावलाएवढा पडतोय," म्हणाले आणि खुर्चीतून उठून आमच्याजवळ मांडी घालून बसले. "आण इकडं."

"तुम्हाला येतं?"

"तुझ्या आईला सुया ओवून देत होतो. बघून बघून येतंच की."

येत काही फारसं नव्हतं. त्यांची ओळ माझ्याइतकीच वाकडी गेली आणि मावशी पदरात तोंड लपवून हसल्या. मग तिघं तीन बाजूंनी शिवत सुटलो.

रविवारी सकाळी मधोमध पोचलो. तिथे मावशींकडच्या त्या वीतभर लुगड्याचं ठिगळ लावायची रीत होती. मावशींनी तीन बाजू शिवल्या, चौथी उघडी ठेवली आणि आतून भाकरी आणली.

"वाकळ उपाशी ठेवत न्हाईत. दादा, तुमची हाय, तुमीच घास द्या."

मुंग्या येतील, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मावशींचा चेहरा बघून मी ठिगळाची कड उचलून धरली. बाबांनी भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, ठिगळाखाली सारला आणि शेवटची बाजू स्वतः शिवली.

जेवण झाल्यावर ते ती वाकळ घेऊन आडवे झाले. पंखा गरगरत होता. ती उडाली नाही, टाक्यांच्या वजनानं अंगावर नीट बसून राहिली. मी दर थोड्या वेळानं दारातून डोकावत होते. मग घोरणं ऐकू आलं. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उन्हं कलल्यावर बाबा उठले, चहा प्यायले आणि बॅग उघडून बसले. त्यांनी दुसरं धोतर बाहेर काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुला बी एक लागंल की."

"आणि तिकीट?"

"ते रद्द कर. पण आधी दोरा आण, कालचा संपलाय."

मी चपला न घालताच जिना उतरले.