पेनल्टी बॉक्समधलं धरणं

फुटबॉल माणसाला निर्भय करतो. हे वाक्य मी दर जुलैत नव्या मुलांसमोर उभा राहून म्हणायचो, आणि म्हणताना मागून प्राचार्य येत नाहीत ना, याकडे माझा एक कान असायचा. कॉलेजात मी फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक होतो. प्रमुख प्रशिक्षक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ते संघाबरोबर वर्षातून एकदा, ग्रुप फोटोत दिसायचे. बाकी सगळं माझ्याकडे होतं: शिट्टी, फाटकी जाळी, हवा न धरणारे चेंडू. नेमणूक तदर्थ होती. म्हणजे दर उन्हाळ्यात मी बेकार व्हायचो आणि प्राचार्यांच्या मनात आलं, तर जुलैत पुन्हा माणसांत यायचो.

त्या सुमारास दिल्लीत सरकारनं देशाचा बाजार खुला केला आणि इकडे आमच्या परदेशीपुऱ्यात बाबांची मिल बंद झाली. वर्तमानपत्रं पहिल्या गोष्टीला नवं पर्व म्हणत होती; दुसरीला काही म्हणत नव्हती. घरात आता माझाच पगार येत होता.

कॉलेजला स्वतःचं मैदान नव्हतं. आम्ही कित्येक वर्षं मिलच्या मैदानावर सराव करायचो. मिलला टाळं लागल्यावर कामगार त्याच मैदानात धरणं धरून बसले. सावली फक्त कडुलिंबाच्या बाजूला, म्हणून त्यांचा तंबू नेमका त्या बाजूच्या गोलपुढे, पेनल्टी बॉक्समध्ये उभा राहिला. बाबा त्यातच बसायचे. आम्ही उरलेल्या अर्ध्या मैदानावर, एकाच गोलवर सराव करू लागलो. मुलांना इतकी सवय झाली की मधली रेघ आली की ती आपोआप थांबायची.

थंडीत एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दरबारात होते, आणि प्राचार्य खुर्चीत बसले की दरबार अजून बरखास्त झालेला नाही असं वाटायचं.

“आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं उद्घाटन आपल्याकडे आहे. मंत्रिमहोदय येताहेत. मैदान रिकामं हवं. तुम्ही तिकडचेच ना?”

“हो सर.”

“मग सांगा त्यांना. तुमचं नाही ऐकलं तर पोलीस सांगतील. आणि हो, पुढच्या सत्राची नावं मी याच आठवड्यात ठरवतोय.”

दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. मी “हो सर” म्हणालो, तेही एकदाच, दोन्हींना मिळून.

मैदानापर्यंत सायकल चालवत गेलो नाही, हातात धरून चालत गेलो, म्हणजे उशीर होईल. आमच्या शेजारचे काका दुसऱ्या एका मिलच्या फाटकावरून मोडलेला हात घेऊन परतले होते. लाठी नेमकी कुठे लागली ते ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मला वाटेत सारखी तीच जागा दिसत होती, बाबांच्या हातावर.

तंबूत बाबांच्या शेजारी त्यांचा जुना दोस्त बसला होता. मिलची टीम होती तेव्हा हा तिचा फुलबॅक.

“आओ कोच साहब,” तो म्हणाला. “टीम में जगह है क्या? हम तो फुरसत में ही हैं.”

“बाबा, जरा बाहेर येता?”

“इथेच बोल. इथे कोणी चोरून ऐकत नाही, सगळे समोरच ऐकतात.”

मी सांगितलं. मंत्री म्हटल्यावर आडवे झालेले लोक उठून बसले.

“लो भिया,” फुलबॅक म्हणाला, “बंगले पे घुसने नहीं दिया, अब खुद चल के आ रहे हैं. गला साफ कर लो सब.”

“पोलीस आणणार आहेत, बाबा,” मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आणि तुझं?”

“माझंही त्यातच आहे.”

ते थोडा वेळ तंबूची दोरी चाचपत राहिले. “तंबू लायनीच्या बाहेर सरकवतो. बघायला बसलो तर चालेल ना?”

“चालेल.”

“मग झालं. जा तू.”

घोषणांचं काय, हे ते बोलले नाहीत. आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

सामन्याच्या दिवशी कामगार रेघेबाहेर ओळीनं बसले होते, घरची माणसं घेऊन. फुलबॅकच्या मांडीवर घडी केलेलं लाल फडकं होतं. कडुलिंबाखाली पोलिसांची गाडी उभी होती. पहिला हाफभर मी चेंडूकडे पाहिलंच नाही. त्यांच्या तोंडांकडे पाहत होतो. कोणी खोकलं तरी मी पोलिसांच्या गाडीकडे बघायचो. आमची मुलं चेंडू घेऊन मधल्या रेघेपर्यंत जायची आणि थांबायची.

“अरे आगे बढ़ो,” फुलबॅक ओरडला, “तंबू हट गया है.”

मध्यंतरात मंत्री बोलायला उठले. “अब मुकाबले का जमाना है. जो दौड़ेगा, वही टिकेगा,” असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्या आल्या नाहीत. घोषणाही आली नाही. बंद मिलच्या भिंतीखाली एवढी माणसं बसली होती, आणि माईकची खरखर ऐकू येत होती. फुलबॅकनं फडक्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. बाबा आपल्या चपलांकडे पाहत होते. हवालदार गाडीतून खाली उतरला. मी शिट्टी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचा वळ उठला. मग प्राचार्यांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

“इतनी जनता आती है फुटबॉल देखने?” मंत्र्यांनी खाली बसताना त्यांना विचारलं. माईक चालूच होता.

“हमेशा, सर.”

संध्याकाळी तंबू परत जागेवर लावताना मी खुंट्या धरायला गेलो. फुलबॅक माझ्याकडे न बघता म्हणाला, “तेरे बाप ने सबको कसम दी थी. नहीं तो आज...” पुढचं त्यानं दोरीवर काढलं, ती जरुरीपेक्षा जास्त ताणून.

घरी जेवताना बाबा एवढंच म्हणाले, “तुझा गोली चेंडू आला की डोळे मिटतो.”

मंत्री परत त्या बाजूला फिरकले नाहीत. मिल उघडली नाही. मला जुलैत नेमणूक मिळाली. प्राचार्यांनी बोलावून गर्दीबद्दल शाबासकी दिली. सामना आम्ही चार-शून्य हरलो होतो, पण ते त्यांनी विचारलं नाही.