कावळे हाकलायचं यंत्र आणि बाबांचं पान

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला कावळा येईना, आणि त्याचं कारण मी स्वतः बेसिकमध्ये लिहिलं होतं.

बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा. आताच्या पोरांसमोर तिचं नाव काढलं तर ती मोडी लिपी बघितल्यासारखा चेहरा करतात. मी ती दहावीच्या सुट्टीत शिकलो, इथेच मुलुंडला, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावरच्या एका क्लासमध्ये. (कीबोर्डवर कायम पीठ! सर आधी फुंकर मारायचे, मग बटण दाबायचे.) पुढे आयुष्यात तिचा काडीचा उपयोग झाला नाही. मी अंधेरीच्या एका कंपनीत खरेदी खात्यात चिकटलो आणि नट-बोल्ट मागवता मागवता मला टक्कल पडलं. पण आपल्यातला एक थोर इंजिनियर वाया गेला, ही खंत काही जात नव्हती.

आता कावळ्यांचं सांगतो. आमची आई दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घालते, आणि बाबा रिटायर झाल्यापासून वाळवणाची राखण हे बाबांचं खातं होतं. अंगात चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली प्लास्टिकची खुर्ची, हातात वेताची छडी. आई कुरडया पालटायची, बाबा कावळे हाकलायचे, आणि दोघं मिळून बिल्डिंगमधल्या एकेकाची उणीदुणी काढायचे. गेल्या वर्षी बाबा गेले. यंदा आईने पहिलं वाळवण घातलं आणि कावळ्यांनी दिवाळी साजरी केली. आई जिना चढून वर पोचेपर्यंत अर्ध्या कुरडया समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर गेलेल्या!

"राहू दे," आई म्हणाली. "आता कोण बसणार तिथे? यंदापासून विकतच्या आणू."

विकतच्या कुरडया! आमच्या आईच्या तोंडून! मला इतकं कसंतरी झालं की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आई, मी यंत्र बनवतो."

"वाट लागली," माझी बायको वृंदा म्हणाली. (मी दुरुस्त केलेला मिक्सर आमच्या घरात अजून आहे. त्याला कोणी हात लावत नाही.)

आणि मग कुरिअरने यंत्राचा मेंदू आला, इवल्याशा कॉम्प्युटरची एक पट्टी. काय सांगू तुम्हाला! बोटाच्या दोन पेरांएवढी हिरवी पट्टी आणि दोन्ही कडांना बारीक बारीक पाय. भोकाभोकांची एक पांढरी फळी मिळते, तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. त्यावर पट्टी ठेवून हलकेच दाबली की बसली! कथलाचा डाग द्यायला नको, धूर नको, काही नको. (ब्रेडबोर्ड हा शब्द ऐकून वृंदा स्वयंपाकघरात जाऊन आपला पोळपाट जागेवर आहे ना, ते बघून आली.) आणि एवढ्याशा जिवाला भाषा कळायची ती कुठली? बेसिक! मी ती लॅपटॉपला जोडली, प्रिंट लिहून पुढे माझं नाव टाकलं, आणि स्क्रीनवर उमटलं, सुहास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात वृंदाने उखाणा घेतला तेव्हासुद्धा आलं नव्हतं. (हे वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही.)

भाषा तर काय गुणाची! आढेवेढे नाहीत, टोमणे नाहीत. अमुक झालं तर तमुक कर, नाहीतर परत पहिल्या ओळीवर जा. समोर हातभर अंतरात काही आलं तर मोटर फिरव. इतकं सरळ आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

मोटर आणली साकीनाक्याच्या एका गाळ्यातून, गाडीच्या वायपरची, जुनी. तिला झाडूचा दांडा, दांड्याला आडवी काठी, काठीच्या टोकाला स्टीलची पळी आणि पळीच्या वाटेत टांगलेली परात. पुढे अंतर मोजणारा दोन डोळ्यांचा सेन्सर. कावळा वाळवणाजवळ उतरला रे उतरला की ठण् ठण् ठण्! आईला कुरडया पालटता याव्यात म्हणून यंत्र गप्प करायचं एक बटणही दिलं. आणि जरा माणसासारखं दिसावं म्हणून मी त्या आडव्या काठीला बाबांचा चौकड्यांचा शर्ट घातला. आई त्या शर्टाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कॉलर नीट कर त्याची." आणि खाली गेली.

पहिल्याच दिवशी कावळे पळाले. कबुतरं पळाली. डिशची वायर बघायला आलेला माणूस पळाला, तो जिन्यात चप्पल सोडून! बिल्डिंगमधले लोक यंत्र बघायला गच्चीवर यायला लागले. "झकास रे सुहास!" म्हणायला लागले. मी लिफ्टमध्ये मान ताठ करून उभा राहायला लागलो. मग वाटलं, लाइट गेली तर? म्हणून स्कूटरची जुनी बॅटरी जोडली. लाइट गेली की यंत्र आपोआप बॅटरीवर! आणि ती पट्टी अशी इमानी की वीज गेली-आली तरी शिकवलेलं विसरत नाही, आल्याबरोबर पहिल्या ओळीपासून कामाला लागते. आमच्या ऑफिसात असा एक माणूस दाखवा! बघता बघता कावळ्यांनी आमच्या गच्चीचं नाव टाकलं.

आणि मग बाबांचं वर्षश्राद्ध आलं.

कुडाळजवळच्या गावाहून बापूकाका आले. हे बाबांचे धाकटे भाऊ. गावात कोणाचंही श्राद्ध असो, पान कुठे ठेवायचं आणि कावळा कुठून येईल, हे काकांना विचारल्याशिवाय होत नाही. भटजींचं सगळं आटोपलं. वृंदाने पान वाढलं. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर, आणि बाबांना आवडायची म्हणून तळलेली कुरडई. पानाला कावळा शिवला की मग घरच्यांनी जेवायचं, ही आमची रीत. आई सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती. तिला शुगर आहे. "तुम्ही खालीच बसा, उन्हात येऊ नका," असं वृंदाने तिला बजावलं, आणि मी नि काका पान घेऊन वर गेलो. मी ते ऐटीत कठड्यावर ठेवलं. यंत्राच्या बरोब्बर समोर. रोज तिथेच सांडग्यांचं ताट ठेवायचो ना, हाताला सवय!

"काव, काव, काव!" काकांनी साद घातली.

एक कावळा आला. परगावचा असावा, भांडुपचा वगैरे, कारण त्याला आमच्या गच्चीची कीर्ती ठाऊक नव्हती. तो डौलात कठड्यावर उतरला, पानाकडे दोन उड्या मारल्या, चोच पुढे केली, आणि ठण् ठण् ठण्! परात घणघणली, शर्टाच्या बाह्या उडायला लागल्या. कावळा भांडुपला परत गेला आणि काका खाली बसले.

"आवशीचो घो! अरे, दादा उठान कावळ्याक मारूक लागलो!"

"यंत्र आहे काका. मी बनवलंय." (अशा वेळीसुद्धा माझ्या आवाजात अभिमान होता, बोला!)

"बंद कर मेल्या आदी ता!"

गडबडीत गप्प करायचं बटण आठवेना, मी प्लगच काढला. काकांनी पुन्हा साद घातली. दुसरा कावळा आला, हाही परगावचाच असणार, पानाशी पोचला, आणि ठण् ठण् ठण्!

"बंद केलंस मा?"

"केलं."

"मगे?"

"ते बॅटरीवर गेलं, काका. लाइट गेली की आपोआप जातं. म्हणजे बघा, पट्टी एवढीशी आहे पण तिचं डोकं—"

"सुहासा!"

मी बॅटरीची वायर उपटली. यंत्र गप्प झालं. पण आता कावळेच येईनात. समोरच्या टाकीवर ओळीने बसून आमच्याकडे बघत होते, जसे काही तिकीट काढून आलेत. काकांचा घसा बसला. इतक्यात वृंदा वर आली.

"आई विचारताहेत, शिवला का?"

"नाय गो," काका म्हणाले. "काय तरी रवला हा दादाच्या मनात. सुहासा, शब्द दी तेका. हात जोड आणि कबूल कर."

मी हात जोडले. खरं सांगायचं तर नवस म्हणजे बेसिकच. घास घेतलात तर अमुक करीन. "बाबा, आईला यंदा गणपतीला गावी नेईन." टाकीवर हालचाल नाही. "बाबा, आईवर आवाज चढवणार नाही." एका कावळ्याने पंखाखाली खाजवलं. "बाबा, दर रविवारी आईबरोबर गच्चीत राखणीला बसेन."

"तो मिक्सर भंगारात देईन म्हण," वृंदा बाजूने म्हणाली.

"अगं, बाबांचा त्यात काय संबंध?"

"त्यांच्या फार मनात होतं ते."

दिला शब्द. गॅलरीतल्या माझ्या वायरींच्या पसाऱ्याचाही दिला. बायकोने अशी संधी साधली की विचारू नका! काकांनी लगे हात गावच्या घराची कौलं शाकारायला मे महिन्यात माणूस म्हणून मलाच लावून घेतलं. आणि कावळे जागच्या जागी.

"दर्भाचो कावळो करूया आता," काका शेवटी म्हणाले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून पानाला लावतात, तसं शास्त्र आहे म्हणे. वृंदा खाली विचारायला गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"आई नाही म्हणतात. खराच हवा म्हणतात. आणि सुहास, त्या रडताहेत रे. म्हणाल्या, ते माझ्यावर रागावलेत. मी विकतच्या कुरडया आणू म्हटलं ना, म्हणून."

तिकडे आई उपाशी बसून स्वतःला बोल लावत होती, आणि इकडे खरा गुन्हेगार परातीसकट उभा होता.

"अगं, बाबा कशाला रागावतील? हे यंत्रामुळे झालंय! माझ्यामुळे!"

"मग खाली जाऊन त्यांना सांग ना तसं."

शहाणा माणूस खाली गेला असता. मी मोबाइल काढला. कावळ्याचा आवाज शोधला आणि पूर्ण मोठा करून लावला. आणि काय सांगू, कावळे आले! टाकीवरचे आले, नारळावरचे आले, स्टेशनापासूनचे आले असतील. नंतर कळलं की ते कावळ्यांचं 'धावा, आपला एक जण संकटात आहे' असं ओरडणं होतं. मोबाइल माझ्या हातात, म्हणजे पकडणारा मीच! एकाने वरून येऊन माझ्या टकलावर असा टोचा हाणला की मी मोबाइलसकट पापडांच्या चादरीवर लोळलो.

"पानाक शिवाचा सोडून टकलाक शिवलो!" काका कळवळून ओरडले.

तेवढ्यात जिन्याच्या दारात आई दिसली. कठडा धरत, दम खात, उन्हात डोळे बारीक करत ती वर आली होती. मी पापडांतून उठत म्हणालो, "आई, बाबा नाही गं रागावलेले. हे सगळं मी केलंय. मीच कावळ्यांना शिकवलं इथे यायचं नाही म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ यंत्रापाशी गेली आणि शर्टाच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, पुरे झालं," ती हळूच म्हणाली. "उन्हात किती वेळ उभे राहाल? झाली राखण. चला खाली."

तिने एक एक बटण काढलं, बाह्या सोडवल्या, शर्टाची घडी घातली आणि छातीशी धरून बाजूला झाली. आणि टाकीवरून एक कावळा उठला, सरळ आला, पानावर बसला आणि त्याने पहिली उचलली ती कुरडई.

"बघ! कुरडईच घेतली!" आई रडता रडता हसायला लागली. "आवडली त्यांना."

काकांनी हात जोडले. वृंदाने आईला तिथेच खुर्चीवर बसवून पहिला घास भरवला. माझ्या मात्र हळूहळू डोक्यात प्रकाश पडत होता. कावळे परातीला घाबरत नव्हते, सेन्सरला घाबरत नव्हते. ते घाबरत होते त्या चौकड्यांच्या शर्टाला, ज्याने त्यांना कित्येक उन्हाळे छडीने हाणलं होतं. म्हणजे माझ्या यंत्राचं सगळ्यात चांगलं चालणारं अंग बाबांनी तयार करून ठेवलं होतं.

जेवण झाल्यावर आईने त्या हिरव्या पट्टीवर बोट फिरवलं. "गुणी आहे हो," ती म्हणाली. "सांगितलेलं ऐकते, उलट बोलत नाही. पण हिच्याशी कोणाबद्दल काही बोलता येत नाही ना रे."

तेव्हापासून मी शब्द पाळतोय. दर रविवारी सकाळी मी गच्चीत खुर्ची टाकून बसतो. आई कुरडया पालटते, बिल्डिंगमधल्या एकेकाचं सांगते, मी कावळे हाकलतो. सुख आहे. फक्त एक अडचण निघाली. अर्धवट वाळलेल्या कुरडईची चव तुम्हाला माहीत असेलच. पहिल्या रविवारी चादर अर्धी रिकामी झाली. दुसऱ्या रविवारी आई म्हणाली, "यापेक्षा कावळे बरे रे मेल्या!" आणि यंत्र उचलून तिने माझ्या खुर्चीसमोर, वाळवणाच्या बाजूला मांडायला लावलं. आता माझा हात पुढे गेला रे गेला की ठण् ठण् ठण्! आणि त्या पट्टीचं कौतुक असं, की कावळ्यांसाठी लिहिलेल्या त्या प्रोग्राममधली एकही ओळ माझ्यासाठी बदलावी लागली नाही.