बुटकीची गिऱ्हाइकं

बंदुकीच्या दुकानात नोकरी करतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतली माणसं खुर्ची माझ्याकडे सरकवतात. प्रत्यक्षात आमच्या पनवेलच्या दुकानात तेलाचा वास आणि परवान्यांच्या झेरॉक्स, एवढंच असतं. पण किस्से साचत जातात, आणि त्यातले बहुतेक बुटकीचे!

बुटकी म्हणजे आखूड नळीची रिव्हॉल्वर. शोकेसमध्ये नव्या, चपट्या पिस्तुलांची रांग आहे. गिऱ्हाईक ती सगळी बघतं, मान डोलावतं आणि बोट ठेवतं कोपऱ्यातल्या बुटकीवर. आमचे मालक युसूफशेठ आता पिस्तुलं पुसायचाही कंटाळा करतात.

*

खांदा कॉलनीतले एक रिटायर्ड बँक मॅनेजर दर शनिवारी येतात. बुटकी हातात घेतात, तिची काडतुसांची चक्री कानाजवळ नेऊन फिरवतात, चहा पितात आणि जातात. परवाना नाही, अर्जही केलेला नाही. एकदा मी म्हटलं, साहेब, अर्ज करून टाका, तुमचं काम होईल.

"आणि मिळाला तर?" ते म्हणाले. "मग शनिवारी मी कुठे जाऊ?"

*

तळोज्याकडच्या एका बिल्डरने परवाना मिळाल्याबरोबर बुटकी मागितली. आमच्याकडे आरसा आहे. शेठनी त्यांना ती कमरेला लावून दिली. बिल्डर आरशासमोर उभे राहिले, वळले, परत वळले. पोटाखाली बुटकी पार गडप!

"अहो, ही दिसतच नाही!" ते वैतागले.

शेठनी समजावलं की हत्यार मिरवायचं नसतं, न दिसण्यातच हिची खुबी आहे. बिल्डर हिरमुसून लांब नळीची घेऊन गेले.

*

कोन गावचे बळीरामदादा आले ते बायकोला, हिराबाईंना, घेऊन. बांधावरून सख्ख्या भावाशी वैर. आता तो बांधावर आला तर बघतोच, असं दादा काउंटरवरच बोलून गेले. त्यांना मोठं पिस्तूल हवं होतं.

हिराबाईंनी किंमत विचारली नाही. उघडायची कशी, एवढंच विचारलं. शेठनी दाखवलं. खटका दाबला, चक्री बाहेर आली, नळी वर केली, नकली काडतुसं काउंटरवर सांडली. बाईंनी स्वतः करून बघितलं. पिस्तूल दिलं, तर त्याचा वरचा भाग त्यांच्याने मागे ओढवेना.

"ही बुटकीच घ्या," त्या म्हणाल्या.

दादा कुरकुरले, पण बायकोपुढे त्यांचं काही चाललं नाही. ते गेल्यावर शेठ कौतुकाने म्हणाले, भाभीला घराच्या हिफाजतीची केवढी फिकीर आहे!

*

उरणचा एक कॉन्ट्रॅक्टर बुटकी तांदळाच्या डब्यात ठेवायचा. चोराला सापडू नये म्हणून. साफसफाईला आणली तेव्हा शेठनी नळी खाली केली आणि तांदळाचे दाणे टपटप पडले. शेठनी एक दाणा दाताखाली धरून बघितला.

"तांदूळ चांगला आहे," ते म्हणाले. "रिव्हॉल्वरचं सांगता येत नाही."

*

निवडणूक आली की परवानेवाल्यांना हत्यार जमा करावं लागतं. कोणी पोलीस ठाण्यात करतं, कोणी आमच्याकडे. गेल्या वेळी बळीरामदादाही आले, मागे हिराबाई. दादांचा चेहरा उतरलेला. बुटकी काउंटरवर ठेवून म्हणाले, "जपून, भरलेली हाय."

शेठनी नळी भिंतीकडे करून चक्री बाहेर काढली. रिकामी! त्यांनी काडतुसं मागितली, कारण तीही जमा करायची असतात.

"त्यातच हायत," दादा म्हणाले. "मी सोता भरलीत."

शेठनी चक्री त्यांच्यापुढे धरली. आरपार उजेड दिसत होता.

मग हिराबाई पुढे झाल्या. पदराची गाठ सोडली आणि एकेक काडतूस काउंटरवर मांडलं. पितळ घासून घासून चकचकीत झालं होतं. गाठ काही आजची नव्हती.

दादा बाकावर बसले. खाली बघतच म्हणाले, "परवा बांधावर मी हीच काढलेली. भावावर."

"ठाव हाय," हिराबाई पदर झटकत म्हणाल्या. "म्हून तर बुटकी घेतली."