सांगली की मेक्सिको?

जवळच्या माणसाचा इतका धसका घेतलेला आणि लांबच्यावर इतका जीव टाकणारा गृहस्थ कृष्णेच्या दोन्ही काठांवर माझ्या साडूंशिवाय दुसरा झाला नाही. ते राहायचे सांगलीच्या गावभागात. पण केस कापायला मिरजेला जायचे, दात दाखवायला कोल्हापूरला, आणि शर्ट शिवायला कापड पाठवायचे थेट साताऱ्याला, म्हणजे माझ्या उरावर. एसटीच्या कंडक्टरच्या हातात पुडकं, पुडक्यात 'कॉलर मागच्यासारखी नको' अशी चिठ्ठी, आणि स्टँडवर ताटकळणारा मी. एकदा न राहवून म्हणालो, "अहो, तुमच्या गल्लीत शिंपी नाहीत का?" साडू माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "जवळच्याला काम द्यायचं नसतं हो. तो 'आलोच' म्हणतो आणि येतो तो चहाला. लांबच्याला धाक असतो." त्यावर आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून कडाडल्या, "मग बायको कशाला पलीकडच्या गल्लीतली केलीत?" साडू गंभीरपणे म्हणाले, "तिथूनच तर शिकलो."

त्यांचा टायपिंगचा क्लास होता. नव्वदीचं दशक सरत आलं तशी त्या खडखडाटाला गिऱ्हाईक राहिलं नाही. साडूंनी मशीनं विकून जुने कॉम्प्युटर घेतले आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरींना डेटा एंट्री शिकवायला लागले. अशात अमेरिकेत गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने निरोप धाडला, की तिकडच्या एका कंपनीला इस्पितळांची ढीगभर बिलं बाहेरच्या देशातून टाइप करून हवी आहेत. चाळता चाळता दोन नावं उरली होती. एक त्यांच्या शेजारचं मेक्सिको, दुसरं सातासमुद्रापारची सांगली.

साडू पहिली एसटी पकडून माझ्या दारात हजर! "आयुष्यभर मी जे बोंबलतोय ते आता अमेरिका ठरवणार," म्हणाले, आणि आनंदाच्या भरात माझ्या नेहमीच्या शिंप्याला मिठी मारून आले. मग त्यांचे फॅक्स सुरू झाले. 'शेजाऱ्याला काम द्याल तर कामही जाईल आणि शेजारही. तुम्ही झोपता तेव्हा आम्ही जागे असतो. सकाळी उठाल तर काम टेबलावर.' एसटीडी बूथवाल्याला तो मजकूर पाठ झाला होता.

पण या सगळ्या तमाशात एका माणसाचा जीव खरोखर टांगणीला होता. कवठे महांकाळकडून येणारी सुनंदा. कीबोर्डकडे न बघता पाण्यासारखी टाइप करायची. ती रोज विचारायची, "सर, काम कवा येतंय? दादा म्हणत्यात, पगार सुरू झाला तर लगीन थांबवू. न्हाईतर ह्याच उन्हाळ्यात उरकायचं." साडू म्हणायचे, "येतंय गं. लांबनं येतंय, वेळ लागणारच."

शेवटी कंपनीचा साहेब पाहणीला येणार असं ठरलं. पुण्याहून गाडीने यायचं, क्लास बघायचा आणि लगेच मुंबईचं विमान गाठायचं. साहेबाशी बोलायला मला साताऱ्याहून मागवलं होतं. इंग्रजीसुद्धा त्यांना लांबचंच लागे. सकाळी गल्लीत शिरतो तर सगळी शटरं खाली. क्लाससमोरचा सायकलदुरुस्तीवाला पहाटे गेला होता. साडूंनी त्याच्याकडे कधी हवासुद्धा भरली नव्हती. चाक बसलं तर सायकल ढकलत माधवनगरला न्यायचे. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा मस्कतला, तो येणं शक्य नव्हतं. धाकटा मुंबईहून निघालेला, म्हणून प्रेत ठेवलं होतं. आणि प्रेत उठेपर्यंत गल्लीत कोणी धंदा उघडत नाही, चूल पेटवत नाही.

सुनंदा इस्त्रीच्या साडीत अवघडून उभी होती. "सर, मागल्या दारानं घ्या की सायबाला. शटर खालीच ऱ्हाऊ दे. आमी गप टाइप करतो."

मीही म्हणालो, "तासाभराचा प्रश्न आहे हो."

साडू म्हणाले, "गल्लीत मयत झालीय गं. आपण आत पंखे लावून बसायचं?" एवढं बोलून शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि बनियनवर तिरडी बांधायला गेले.

साहेब आला तो नेमका तिरडी उचलल्यावर. मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून सांगितलं, "पुढे डावीकडे ज्यांनी खांदा दिलाय ना, तेच आमचे संचालक." साहेबाने टोपी काढली. "हे त्यांचे कोण?" "कोणी नाही. शेजारी." त्याने मान हलवली, बंद शटरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि गेला. साडू घाटावरून परतले तेव्हा गाडी कराडही ओलांडून गेली असेल.

फॅक्स आला. अडचण आली तर दोन-तीन तासांत पोचता येईल अशा देशाला काम देत आहोत, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं. साडूंनी तो पोरींना स्वतः वाचून दाखवला. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले, आणि कॉम्प्युटरवर एकेक करून कापड घातलं.

सुनंदाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. नवरा कर्नाटकातल्या अथणीच्याही पलीकडचा. साडू आणि मी गेलो होतो. पाठवणीच्या वेळी ती साडूंच्या पाया पडली. ती जीपमध्ये बसल्यावर साडूंनी तिच्या भावाला बाजूला घेतलं आणि मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य ऐकलं. "एवढं लांब कशाला दिलंत हो? जवळपास कोणी नव्हतं?"

"व्हतं की सर. मिरजेतलंच व्हतं. पण त्यास्नी पगारवाली पोरगी पायजे व्हती."

जीप निघाली. साडू मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. धूळ बसली, वाजंत्री जेवायला गेले, पानं वाढून झाल्याचं सांगायला माणूस येऊन गेला. मी म्हणालो, "चला हो." ते "आलोच" म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.